आहेराची साडी आणि आमचा हरिश्चंद्र: खरं बोलणं आणि नीट बोलणं, दोन्ही एकदम कसं शिकवायचं?

राजवाड्याची_सून (सातारा)

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी कोरेगावला नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. जेवणं उरकल्यावर ओट्या भरायला घेतल्या. नणंदेच्या जाऊबाईंना मी मानाची साडी दिली. त्यांनी घडी जराशी उलगडली आणि "रंग वेगळाच आहे हो" म्हणाल्या. त्यावर माझ्या मांडीला रेलून बसलेले आमचे चिरंजीव (वय सव्वापाच, मोठा शिशू) खणखणीत आवाजात म्हणाले, "ही मामाच्या लग्नात आलेली. आई बाबांना म्हणाली, काय हा शेवाळी रंग, ठेवून देऊ, कुणाला तरी द्यायला होईल."

जाऊबाई हसल्या, म्हणजे दात दिसले. सासूबाईंनी पोराच्या दंडाला बारीक चिमटा काढला. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "त्याला जरा मॅनर्स शिकव." (साडी 'फिरवूया' ही आयडिया कुणाची होती हे तो सोयीस्कर विसरला.) तेवढ्यात मागच्या सीटवरून प्रश्न आला, "मी खोटं बोललो का?"

नाही बोलला. तीच तर पंचाईत.

आता याच नाण्याची दुसरी बाजू ऐका. हाच मुलगा सकाळी मोरीतून कोरडा ब्रश घेऊन बाहेर येतो आणि माझ्या डोळ्यात डोळे घालून सांगतो, "घासले." दिवाणखान्याच्या भिंतीवर स्केचपेननं ट्रॅक्टर काढला, तर तो म्हणे 'आपोआप आला'. म्हणजे कुणी विचारलेलं नसतं तिथं हा हरिश्चंद्र आणि विचारलं की थापा.

खरं बोल म्हणायचं आणि चारचौघांत सांभाळून बोल असंही म्हणायचं, हे एकाच तोंडानं कसं शिकवतात? "लहान आहे, शिकेल" हे उत्तर नको. ते सासऱ्यांकडून मिळालेलं आहे.

हळदीचं_पोतं (सांगली)

आधी पोराला माझा रामराम सांगा. शेवाळी रंग ध्यानात ठेवला म्हणजे पोरगं कामाचं आहे.

आमच्याकडं गणपतीत आरतीला शेजारचे काका आले. माझी पोरगी दारातच त्यांना म्हणाली, "तुम्ही आरती झाल्यावरच येता ना, प्रसादाला?" वाक्य कुणाचं आहे हे ओळखायला काकांना वेळ लागला नाही, कारण ते माझ्याकडंच बघायला लागले. त्या दिवसापासून एक शिकलोय. पोरीनं बाहेर जे बोलू नये असं वाटतं, ते मी घरात बोलत नाही. निदान तिच्या पुढ्यात तरी नाही.

वाईची_आजी

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मोठ्यांच्यात लहानांनी तोंड उघडायचं नाही, एवढा एकच नियम. पाहुणे आले की नमस्कार करायचा, नाव सांगायचं आणि माजघरात पळायचं. पण त्यानं आम्ही सभ्य झालो असं कुणी समजू नये. आम्ही लपवाछपवीत तरबेज झालो. माळ्यावरच्या आंब्याच्या अढीतले आंबे कुणी खाल्ले हे आमच्या घरात आजतागायत उघड झालेलं नाही, आणि आता सांगायला आम्ही दोघीच उरलोय.

एक व्यवहारातली गोष्ट सांगते. कार्याला जाण्याआधी त्याला तिथं काय काय होणार ते सांगून ठेवत जा. गर्दी असेल, बायका ओट्या भरतील, जेवायला उशीर होईल, असं. आणि त्याच्या हाताला काम द्या. पंगतीत मीठ वाढ, आजोबांना पाणी नेऊन दे, अक्षता वाट. पाच वर्षांच्या मुलाला "असं बोलायचं नाही" म्हटलं तर तेवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहतं. "हे कर" म्हटलं तर ते तो करतो. नुसतं बसवून ठेवलेलं मूल बोलणारच, त्याला दुसरं काय काम असतं?

आणि सूनबाई, दिलेली साडी फिरवण्यात काही पाप नाही. अख्खा सातारा जिल्हा त्यावर चालतो.

यवतेश्वर_घाट

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्या वडिलांचा एक हात बसला की महिनाभर खोटं सुचायचं नाही. आज पन्नाशी आली, कुणाचे पाच पैसे बुडवले नाहीत.

हळदीचं_पोतं (सांगली)

@यवतेश्वर_घाट, हलके घ्या, पण परीक्षेत नापास झाल्यावर वडिलांना सांगायचात का हो?

यवतेश्वर_घाट

छे! आईला सांगायचो. मग ती बघायची काय करायचं ते.

हळदीचं_पोतं (सांगली)

झालं की मग.

मिरज_ओपीडी

मी मिरजेत लहान मुलं तपासतो. वरच्या तीन ओळींत घाटसाहेबांनी अख्ख्या विषयाचं सार सांगितलंय, फक्त ते त्यांच्या बाजूचं नाही.

आधी ब्रशबद्दल. ही थाप म्हणजे मूल बिघडल्याची खूण नाही. आपल्या डोक्यातलं समोरच्याला आपोआप दिसत नाही, हे मुलाला साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास नीट उमगतं. उमगलं की तो ते वापरून बघतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचा एक साधा खेळ आहे. मुलाला पाठमोरं बसवायचं, मागं एक खेळणं ठेवायचं आणि आवाजावरून ते ओळखायला सांगायचं. मध्येच मोठा माणूस "बघू नकोस हं" म्हणून बाहेर जातो. बहुतेक मुलं वळून बघतात, ते लपवलेल्या कॅमेऱ्यात दिसतं. परत येऊन विचारलं की बघितलेल्यांपैकी बरीच "नाही बघितलं" म्हणतात. आपल्या घरातही दिवसभर हाच खेळ चालू असतो, फक्त कॅमेरा नसतो.

याच दोघांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना छापली. एका शाळेत मारण्याची रीत होती, दुसरीत नव्हती. मार देणाऱ्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली. त्याहून वाईट म्हणजे ती जास्त सफाईनं बोलली, पुढचा प्रश्न विचारला तरी पकडली जाईनात. घाटसाहेब, हात बसला की खोटं बंद होत नाही, ते पक्कं होतं. शिवाय खरं ऐकायला आई होती म्हणून तुमचं निभावलं. सगळ्यांच्या घरी अशी दुसरी खिडकी नसते.

गोष्टींबद्दलही सांगतो, कारण आपण सगळे 'लांडगा आला रे आला' सांगतो. २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांना तोच वळून बघण्याचा खेळ दिला आणि खरं-खोटं विचारण्याआधी गोष्ट वाचून दाखवली. लांडग्याच्या गोष्टीनं काही फरक पडला नाही. खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीनंही नाही. फरक पडला तो चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांना सांगून टाकणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीनं, कारण त्यात खरं सांगितल्यावर वडील पोटाशी धरतात. शेवट बदलून टाकला तर तिचाही उपयोग होईना. (गंमत म्हणजे ती गोष्ट चरित्रकारानं रचलेली, घडलेली नव्हेच!) लांडगा खाईल हे ऐकून मूल घाबरतं. पण खरं सांगितल्यावर पुढं काय होणार, हा त्याचा खरा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर लांडग्याकडं नसतं.

म्हणून माझा सल्ला असा की उत्तर माहीत असलेला प्रश्न मुलाला विचारूच नका. ब्रश कोरडा दिसतोय ना? मग "घासलेस का?" कशाला? "ब्रश कोरडा आहे, चल, दोघं घासू." ट्रॅक्टर कुणी काढला हे तुम्हाला ठाऊक आहे. ओलं फडकं हातात द्या. थाप मारायला जागाच ठेवली नाही तर निम्मं काम होतं.

दुसरं आमच्या बाजूचं. रोज ओपीडीत बघतो. आई-बाप पोराला सांगून आणतात, "डॉक्टरकाका सुई देणार नाहीत, नुसतं बघणार." आणि आलेले असतात लसीलाच. सुई बाहेर निघाली की ते मूल माझ्याकडं बघत नाही, आईकडं बघतं. मी सांगतो, "टोचणार. पाच आकडे मोजेस्तोवर दुखेल. रडलास तरी चालेल, हात तेवढा हलवू नकोस." रडतं ते, पण पुढच्या वेळी माझ्यावर भरवसा ठेवतं. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात २०१४ साली हेच पाहिलं होतं. शेजारच्या खोलीत गोळ्यांचा मोठा वाडगा आहे अशी थाप मुलांना मारली आणि नंतर ती थाप होती हे सांगितलं. त्यानंतर त्यांना तोच लपवलेल्या खेळण्याचा खेळ दिला. पाच ते सात वर्षांची जी मुलं फसवली गेली होती, ती न फसवलेल्या मुलांपेक्षा जास्त वळून बघणारी आणि त्यावर जास्त खोटं बोलणारी निघाली. "बिस्किटं संपली", "पोलीस धरून नेतील", "तू जेवलास की जाऊ बागेत" ही आपली रोजची नाणी आहेत. मूल ती मोजत असतं.

राजवाड्याची_सून (सातारा)

डॉक्टर, "उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारू नका" हे आज करून बघते. पण साडीचं काय? तिथं तर मी काही विचारलंच नव्हतं.

कोथरूड_मुक्कामपोस्ट

खरं-खोटं नंतर. आमचं आजोळ कराडजवळ. तिकडची मुलं आजीला "ए आजी, तू इकडं ये की" असं सर्रास म्हणतात, दारात आलेल्या माणसाला "कोण पायजे?" विचारतात. आधी अहो-जाहो शिकवा की.

हळदीचं_पोतं (सांगली)

आली, पुण्याची गाडी आली. अहो, आमची पोरं आजीला अरे-तुरे करतात आणि तिचे पायही चेपतात. तुमच्याकडं "आपण बसा" म्हणतात आणि चहाचं विचारत नाहीत. (हलके घ्या, बायको सदाशिव पेठेतली आहे.)

माणदेशी_मास्तर

वरच्या दोघांचं भांडण मिटवतो. पोर कुणाला काय हाक मारतं यापेक्षा ते कुणाशी कसं वागतं ते बघावं. साहेब वर्गात आले की आमची सगळी पोरं उभी राहून एका सुरात नमस्ते म्हणतात. ते मी सभ्यपणात धरत नाही, ती कवायत झाली. दुपारी खिचडी वाढणाऱ्या ताईंपुढं ताट आपटून "वाढ" म्हणतं का "ताई, अजून थोडी द्या" म्हणतं, तिथं कळतं. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची आणि कामं आपल्या हातानं करायची. ज्यानं स्वतः भांडी घासलीत तो भांडी घासणारीला तोडून बोलत नाही. घरी पाहुण्यांपुढं "नमस्कार कर" म्हणून पोराची मान वाकवता, तेच पोर रिक्षावाल्याला "ए, थांब" म्हणतं तेव्हा कुणी टोकत नाही.

आता खरेपणाचं. माझी शाळा माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. मारण्याचा विषय शाळेत तरी संपलेला आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. पण मारायचं नाही एवढ्यानं शिकवायचं कसं हे काही कळत नाही.

आमच्याकडं बिनदुकानदाराचं दुकान आहे. पुष्कळ शाळांत आहे हे, माझा शोध नव्हे. व्हरांड्यात खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, एकरेघी-दुरेघी वह्या. किमतीच्या पाट्या पोरांनीच रंगवल्यात. शेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. वस्तू घ्यायची, पैसे टाकायचे. बघायला कुणी नाही. पैसे नसतील तर सुतळीनं बांधलेली उधारीची वही आहे, तीत आपल्या हातानं लिहायचं.

पहिलीतल्या एका पोरीला लिहायला येत नव्हतं. तिनं वहीत एक चौकोन काढला, तो निम्मा रंगवला, आणि पुढं दोन गोल. म्हणजे खोडरबर नेला, दोन रुपये राहिले. कुणाचे, ते लिहिलेलं नव्हतं. सोमवारी वहीसमोर उभी राहून तिनं दोन गोल बोटानं थुंकी लावून पुसले, कागद फाटला, आणि मग डब्यात दोन नाणी टाकली.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सगळ्यांसमोर हिशोब होतो. डबा पालथा घालायचा, वस्तू मोजायच्या, फळ्यावर लिहायचं. कमी पडतात, नाही असं नाही. कुणी घेतले हे विचारायचं नाही, हा माझा नियम. "एवढे कमी आहेत, आता नवीन पेन्सिली एवढ्या कमी येतील," एवढंच सांगायचं. काही वेळा पुढच्या आठवड्यात डब्यात पैसे जास्तही निघतात. ते कुणाचे हेही विचारत नाही.

या दुकानाचं सगळ्यात मोठं नुकसान करतात ते भेटीला येणारे पाहुणे. पोरांसमोरच मला विचारतात, "चोऱ्या होत नाहीत का हो गुरुजी?" तोवर जे पोरांच्या डोक्यातही नव्हतं ते आता असतं.

तासगावची_ताई

मास्तरांशी शंभर टक्के सहमत, विशेषतः "कुणी घेतले" न विचारण्याबद्दल. मी अंगणवाडीत आहे, तीन ते सहाची मुलं. त्यांच्यात चोरी असा प्रकारच नसतो, आवडलं की ते खिशात जातं. आमच्याकडं ओवायचे लाकडी मणी आहेत, त्यात लाल मण्याला फार मागणी. घरी जायच्या वेळी मी आणि मुलं मिळून मणी डब्यात टाकत टाकत मोजतो, गाणं म्हणत. कमी भरले की म्हणते, "दोन लाल मणी हरवलेत, त्यांना घरी जायचंय, सगळ्यांनी खिसे बघा बरं." सगळे खिसे उलटे होतात, माझ्या पदराचं टोकसुद्धा मी सोडून दाखवते. मणी निघतो. ज्याच्या खिशात निघतो तोच डब्यात टाकतो आणि तोच झाकण लावतो. झाकण लावायचा मान मोठा, त्यासाठी भांडणं होतात.

एकदा एका आईनं संध्याकाळी मुलाला कान धरून परत आणलं, "सांग ताईंना, चोर आहे म्हणून." मी त्या आईला बाजूला घेतलं. मूल तीन वर्षांचं. त्याला तो शब्द कळलाही नव्हता, पण आईचा चेहरा कळला होता.

अजून एक, कल्पनेला खोटं समजू नका. "काल आमच्याकडं हत्ती आला होता" म्हणणाऱ्याला मी विचारते, "काय खाल्लं हत्तीनं?" सूनबाई, तुमचा आपोआप आलेला ट्रॅक्टर मला तरी निम्मा त्यातलाच वाटतो.

हळदीचं_पोतं (सांगली)

ताई, 'चोर' वरून आठवलं, जरा गंभीर सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला, तेव्हा आम्ही गल्ली सोडून एका शाळेच्या हॉलमध्ये होतो. थोरली पोरगी तेव्हा सहा वर्षांची. बाहेरगावचे लोक टेम्पो भरून सामान आणायचे. ब्लँकेटं, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे. त्या माणसांना आयुष्यभर विसरणार नाही. एका दुपारी नवीन टेम्पो आला, रांग लागली. पुढच्या कुटुंबाला कालच सगळं मिळालेलं, तरी "अजून काहीच नाही" म्हणाले. आमचा नंबर आला. ब्लँकेट देणाऱ्या पोरानं विचारलं, "मिळालंय का?" मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "आम्हाला काल मिळालं. पलीकडच्या खोलीतल्या आजीला नाही मिळालं."

तो पोरगा तिच्याबरोबर त्या आजीकडं गेला. माझ्या मागं उभा असलेला एक जण मला म्हणाला, "पोरीला जरा व्यवहार शिकवा."

तेव्हापासून या विषयावर मी कुणाचं फार ऐकून घेत नाही. खरेपणा पोरांना शिकवावा लागतो हे मला पटत नाही, तो आपण काढून घेतो. बोलायची पद्धत मात्र शिकवावी लागते. काकांच्या प्रसादाचं आठवतंय ना?

वाईची_आजी

@हळदीचं_पोतं, पोरीला माझा आशीर्वाद. पण सगळा खरेपणा आतूनच येतो, यावर माझा विश्वास नाही. बाहेरून वळण लावावं लागतंच. आणि थोडं खोटंही शिकवावं लागतं, उगाच साधूपणा नको. कुणी प्रेमानं लाडू केलाय, तो दगड झालाय, तर "छान झालाय" म्हणायलाच हवं. त्याला मी खोटं धरत नाही.

मिरज_ओपीडी

आजी, तीन वर्षांची मुलंसुद्धा समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून असं बोलतात, त्यांना शिकवावंही लागत नाही. नाकावर रंगाचा ठिपका लावून "फोटोत बरा दिसतोय ना मी?" असं विचारून हे तपासलेलं आहे. तेव्हा लाडवाबद्दल फार काळजी नको. फक्त "छान म्हण" असं फर्मान सोडण्याऐवजी मी मुलांना तिसरा रस्ता दाखवतो. जे खरं आहे त्यातलं बोलण्यासारखं काहीतरी शोध. लाडू कडक आहे, पण आजीनं तुझ्यासाठी केलाय ना? मग तेवढं म्हण.

@राजवाड्याची_सून, तुमच्या साडीचं उत्तर मला वाटतं यातच आहे. खोटं बोलायचं नाही, पण ठाऊक असलेलं सगळं न विचारता सांगायचंही नाही. पाच वर्षांच्या मुलाला हा फरक लगेच जमणार नाही. बोलण्याआधी "हे ऐकून मावशीला कसं वाटेल?" हा प्रश्न सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू त्याचा त्याला सुचायला लागेल. तोवर तो तुम्ही विचारायचा, आणि चारचौघांत नाही, नंतर, घरी.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. "घरातलं बाहेर सांगायचं नाही" असा सरसकट नियम करू नका. हेच वाक्य मुलांना त्रास देणारा माणूस वापरतो. बाबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत झाली, ती थोड्या वेळानं सगळ्यांना कळणारच असते. "कुणाला सांगू नको हं" असं जे कायमचं लपवायला सांगितलं जातं आणि ज्यानं पोटात कसंतरी होतं, ते आईला सांगायचंच, कुणीही नको म्हटलं असलं तरी. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, पण त्याच्या आधी मुलाला तोंड उघडता आलं पाहिजे. शेवाळी साडीपायी ते तोंड बंद करू नका. दहा साड्या गेल्या तरी चालतील.

राजवाड्याची_सून (सातारा)

डॉक्टर, शेवटचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्याला स्वतःहून मांडीवर घेतलं.

ब्रशची युक्ती लागू पडली. आता तो सांगतच नाही, नुसता ब्रश पुढं करतो आणि मी हात लावून बघते. 'खरं त्यातलं बोलण्यासारखं' हेही सांगून बघितलं. काल बालवर्गातल्या बाईंना म्हणाला, "डब्यातला उपमा खारट आहे, पण गरम आहे." डबा माझाच होता.

आता नवीन प्रकरण. परवा एसटीनं फलटणला गेलो, मी, सासूबाई आणि हा. एसटीत पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळं आता माझं आणि याचं भाडं सारखंच. कंडक्टर यायच्या आधी सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "चारचा सांग, दिसतोय बारीक." मी काही बोलायच्या आत कंडक्टरनं थेट त्यालाच विचारलं, "कितीचा रे तू?" हा उभाच राहिला सीटवर. "सव्वापाच! आणि खाली उतरून मोजलं तर अजून उंच आहे."

कंडक्टर हसला, म्हणाला, "आजी, हा तुमच्या कामाचा नाही." तीन अर्धी तिकिटं फाडली. सासूबाई लोणंद येईस्तोवर खिडकीबाहेर बघत होत्या. मला मात्र त्या पैशांचं अजिबात वाईट वाटलं नाही, आणि हे मी त्यांच्यासमोर त्याला सांगितलं, "बरोबर सांगितलंस" म्हणून. घरी यावरून थोडं वाजलं. वाजू दे.

यवतेश्वर_घाट

हे आवडलं. पोराला माझ्याकडून एक कंदी पेढा. आणि डॉक्टर, त्या आफ्रिकेच्या शाळेचं मी घरी सांगितलं. आमची मुलगी नववीत आहे, ती म्हणाली, "मग आता मी एक गोष्ट सांगू का?" सांगितली. काय ते इथं लिहीत नाही. हात खिशात ठेवून ऐकली.

कोथरूड_मुक्कामपोस्ट

अनुमोदन. अहो-जाहोचा मुद्दा मी मागे घेतलेला नाही, नोंद असावी.

हळदीचं_पोतं (सांगली)

नोंद घेतली, चहाला या.

मास्तर, तुमच्याकडं एक काम आहे. आमच्या कॉलनीत गणपतीत पोरांचे खाऊचे स्टॉल असतात. यंदा एक स्टॉल तुमच्यासारखा बिनमाणसाचा ठेवावा म्हणतोय. भडंगाच्या पुड्या, डबा आणि उधारीची वही. चालेल का?

माणदेशी_मास्तर

वही चालेल, डबा चालेल. भडंग नको. पोरांचं ठीक आहे, पण आरतीनंतर मोठी माणसं येणार, आणि त्यांच्यासाठी काही करायला माझा अनुभव कमी पडतो. पेन्सिलीपासून सुरुवात करा. डब्याशेजारी ताटलीत सुटे ठेवा, पाच-पाच, दोन-दोनची नाणी. दहाची नोट टाकून उरलेले स्वतः उचलायला पोरं फार घाबरतात, कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून. पहिले दोन दिवस तेवढं शिकवायला कुणीतरी जवळ बसा, मग उठून जा.